गोदाच्या पाठीवरचा चट्टा

ठाणे, १८८९

लाडक्या मालन,

आज तुझ्या गोदाला हळद लावताना तिच्या पाठीवर फिकट चट्टा दिसला. "मिठागरातलं मीठ गं, धुतलं की जाईल!" बायका हसल्या. तुझ्या हळदीतही अशाच हसल्या होत्या.

कॉन्व्हेंटच्या दवाखान्यात मदरनी चट्टा बधिर आहे का ते तपासायला शिकवलं होतं, तसं मी चट्ट्यावर हलकेच पीस फिरवलं. "मावशी, थांबलीस का? लाव ना!" गोदा म्हणाली. तिला स्पर्श कळलाच नव्हता. तुलाही कळला नव्हता. तेव्हा लग्न मोडेल म्हणून मी गप्प राहिले, आणि महारोग लपवत तू वैद्याविना झिजून गेलीस.

इतक्यात खांद्यावर थंड, ओला हात पडला. "ताई, आता तरी बोल." आवाज तुझाच होता. मागे कोणीच नव्हतं.

मी हळदीची वाटी खाली ठेवली आणि तुझ्या यजमानांना हाक मारली.

तुझी, फार उशिरा बोललेली
ताई