रिमोनाच्या पाठीवरची शाल

जेरुसलेम, मंगळवार

चिरंजीव एलखानान यास ताईचे आशीर्वाद, आणि सोबत एक कबुली.

तुझी लाल कालवड रिमोना पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल. मग तिला अग्नीत देऊन तिच्या राखेने तुम्ही शुद्ध होणार आणि दोन हजार वर्षांपूर्वी पाडलेल्या आपल्या मंदिराची पहिली शिळा पुन्हा बसवणार. मात्र माणसानं स्वतःच्या सोयीसाठी पाठीवर कधी काही ठेवलेली कालवड बाद, हे शास्त्र तूच मला शिकवलंस. मी पुण्यात संस्कृत शिकले, पण इतका काटेकोरपणा आमच्या मीमांसकांनाही झेपला नसता.

परवा गोठ्यात संत्रं सोलायला हात मोकळे हवेत, म्हणून मी शाल तिच्या पाठीवर टाकली. क्षणभरच. ती गारठली होती म्हणून पांघरली असती, तर चाललं असतं. पण खोटं कशाला बोलू?

वळून पाहते तो दारात तू.

"ताई, चहा घेतेस ना?"

"घेते की. तू काही पाहिलंस?"

"मी? मी साखर शोधतोय."

गोठ्यात साखर, शहाण्या!

बारा वर्षं तू मंदिराची वाट पाहिलीस आणि तीन वर्षं रिमोनाला हातानं गाजरं भरवलीस. आता मंदिर समितीला सांगणं तुझ्या जिवावर येतं, आणि गप्प राहून तिला अग्नीत देणंही.

म्हणून हे पत्र मी पाठवत नाही; तुला काही ठाऊक नव्हतं, असंच राहू दे. उद्या समितीपुढे मीच उभी राहते. तू सगळ्यांदेखत माझ्यावर मनसोक्त रागाव, आणि मग तिला घरी घेऊन जा.

तुझी वेंधळी ताई,
सेरह