केळीच्या खोडाचा पाय

३ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

१. घड उतरवल्यावर तुमच्या बागेत पडून राहणाऱ्या खोडांच्या तंतूंपासून तुमच्या कृत्रिम पायाचं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो पेला, बनवलं. त्याच साच्यावर दुसरं एक चाचणीसाठी बनवलं.
२. ते दुसरं घामासारख्या खारट ओलीत ठेवून त्यावर भार दिला. शुक्रवारी ते तडकलं. तंतू फुगून त्यांना धरून ठेवणाऱ्या राळेपासून सुटले होते.
३. तडकेपर्यंत बाहेरून काही दिसलं नाही.

तुमचंही असंच होईल. केव्हा, ते सांगता येत नाही. आजपासून ते घालू नका, माझ्याकडे पाठवा. तोवर जुनं प्लास्टिकचं वापरा. मामींना नमस्कार.

तुमची भाची

९ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

याला पत्र म्हणायचं की पंचनामा? मामी म्हणाली, ही पोरगी खुशालीसुद्धा आकडे घालून विचारेल.

अगं, प्लास्टिकच्या पायाने जखमा व्हायच्या म्हणून चार वर्षं दारात बसून होतो. माझी बाग दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायचो. आता शेवटच्या ओळीपर्यंत जातो. काल तर पाट ओलांडला. मामी मागून ओरडत होती, तिला म्हटलं, पकडून दाखव!

तडकायचं तेव्हा तडकेल. पाय माझा आहे. शिवाय हे परत आलं तर तू तुझ्या वरच्यांना काय तोंड दाखवशील? मी गप्प राहतो, तूही राहा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा हट्टी मामा

१४ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

वरच्यांना मी त्याच शुक्रवारी सांगितलं. इतरांसाठी सॉकेट बनवणं थांबलं आहे. तेव्हा मला सांभाळून घ्यायला म्हणून ते घालत असाल, तर आता गरज नाही.

पाट ओलांडल्याचं वाचून मी चाचणीचं चित्रण पुन्हा पाहिलं. आधी आवाजही होत नाही, एकदम मोडतं. मामी मागे असल्या तरी हात पोचणार नाही.

तुमच्यासाठी नवं करते आहे. आतून ओल न शिरणारा थर दिला आहे. ते टिकेल, असं आज म्हणू शकत नाही. नाही टिकलं तर तुम्ही पुन्हा दारात बसाल आणि बसवणारी मी असेन. ते मी सोसेन. तुमचं पडणं सोसता येणार नाही.

रागावलात तरी लोभ राहू द्या. सॉकेट पाठवलं की नाही, एवढं वीस तारखेपर्यंत कळवा.

तुमची भाची