आजोबा युद्धावर गेले ती दुपार

आई, बाळकुमला आता शेतं राहिली नाहीत. टॉवर उभे राहिलेत आणि त्यातल्याच एकात तुझी नात राहते. तिच्याकडे जाताना रिक्षा माजिवड्याहून वळली की मी अजून ते कौलारू घर शोधते. तुझ्याबरोबर तिथे मी एकदाच गेले होते, चौदा वर्षांची असताना.

आपल्या कळव्याच्या घरात बाहेरच्या खोलीत तुझ्या वडिलांचा फोटो होता. देशाचा क्रिकेटचा संघ बोटीने विलायतेला खेळायला जायला लागला, त्या सुरुवातीच्या काळातला. मागच्या रांगेत, उन्हाने डोळे बारीक केलेले आजोबा. पाहुण्यांना तू सांगायचीस, "माझे वडील देशाकडून खेळले आणि लढाईत गेले." स्वयंपाकघरात मात्र तुझा आवाज वेगळा असायचा. एकदा आपण दोघी डाळिंब्या सोलत बसलोय आणि तू मान वर न करता म्हणतेस, "दुपारी झोपले होते मी. उठले तर ते गेलेले. पाच वर्षांच्या मुलीला नुसतं 'येतो' म्हणायला किती वेळ लागतो गं?" ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून ते परत आलेच नाहीत. हुकूम आला म्हणून जावं लागलं, असं आजीने तुला सांगितलं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर तू त्यांना थोडंफार माफ केलं होतंस.

मग त्यांच्याबरोबर खेळलेले एक गृहस्थ बाळकुमला राहतात असं तुला कळलं. तू ठेवणीतली साडी नेसलीस. म्हातारे गृहस्थ पडवीत बसले होते. तुला बघून म्हणाले, "कपाळ त्याचंच." मग किती बोलले! बोटीवर आजोबांना पहिले आठ दिवस उलट्या कशा होत होत्या, बॉल कसा पडल्यावर आत यायचा. वाकड्या झालेल्या बोटांनी त्यांनी पेरू धरून दाखवला आणि तू शाळकरी मुलीसारखी हसलीस. तशी हसताना मी तुला त्याआधी पाहिलंच नव्हतं. त्या भरात मीच मध्ये बोलले, "आजोबांना हुकूम आला नसता तर ते अजून खेळले असते ना?"

"हुकूम?" ते म्हणाले. "छे गं. आपणहून नाव दिलं त्याने. मी सांगत होतो, घरात लहान पोर आहे, नको जाऊस."

तू चहा संपवलास, वाकून नमस्कार केलास आणि उठलीस. बांधावर आल्यावर माझा दंड धरलास. "तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? मी काय घेऊन आले होते आणि काय घेऊन चालले आहे, कळतंय का तुला?" मी रडले नाही. छत्री पडवीतच राहिल्याचं तुझ्या लक्षात आलं आणि तू मलाच परत पाठवलंस.

म्हातारे दारात उभे होते. "आईला वाईट वाटलं ना? तिला एक सांग. कल्याण स्टेशनवर मी त्याला सोडायला गेलो होतो. सारखा म्हणत होता, पोरगी झोपली होती म्हणून निघता आलं. जागी असती तर पाय निघाला नसता. सांगशील ना?" मी हो म्हटलं. तू बांधावर पाठमोरी उभी होतीस. "काय म्हणत होते?" तू विचारलंस. माझा दंड अजून दुखत होता. मी म्हटलं, "काही नाही."

आधी राग होता. मग राग गेला, तर इतके दिवस का लपवलंस असं तू विचारशील याची भीती वाटायला लागली. पुढे तुझ्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा औषधांचंच बोलले.

गेल्या महिन्यात जुन्या खेळाडूंची माहिती जमवणाऱ्या एका माणसाचा फोन आला. आजोबांची घरातली काही आठवण आहे का, असं त्याने विचारलं आणि मी ते कल्याण स्टेशनवरचं सगळं त्याला सांगून टाकलं. त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "आईने."