बुटांचे दोन जोड

तीर्थरूप आईस,
दुरूनच वाकून नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. वेळेवर जेवते, झोपही लागते. धाकटा जाऊन तीन महिने झाले, तरी मला अजून रडू आलेले नाही. पण माझी काळजी करू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे?

संग्रहालयात सध्या आपल्या त्या अस्वलाच्या पिल्लाच्या पुस्तकाची मूळ चित्रे माझ्याकडे नोंदणीसाठी आली आहेत. आठवते ना, पानोपानी पिल्लू एकच, पण दाराशी बुटांचे जोड दोन? चित्रे काढणाऱ्या लेखिकेबद्दल धाकटा म्हणायचा, "ताई, या बाईंना मोजता येत नाही. तू पहिली येतेस ना, मग शिकव की त्यांना!"

काल एक चित्र दिव्याखाली तिरके धरले, तेव्हा खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. मुळात पिल्ले दोन होती. सोबतच्या कागदपत्रांवरून कळले, की पुस्तक अर्धे झाले असताना लेखिकेचा भाऊ वारला, आणि तिने दुसरे पिल्लू प्रत्येक चित्रातून खोडून टाकले. समासात संपादकांनी लिहिले आहे, "बूट खोडायचे राहिले." त्याखाली तिचे अक्षर आहे: "राहिले नाहीत. ठेवले आहेत."

धाकट्याच्या चपला कुणाला देऊन टाकू का, असे तू विचारले होतेस. दारात त्या पायात येतात, हे बाबांचे म्हणणे खरेच आहे.

तरी आई, केर काढताना त्या उचल आणि पुन्हा तिथेच ठेव. मी येईन तेव्हा माझ्याही त्यांच्या शेजारीच काढीन.

तुझी,
थोरली