वेगळी नळी

प्रिय झुनिल्दा,

त्या रविवारी तुझ्याकडून आसुन्सियोनला परतले ती डोक्यात किडा घेऊनच. आंब्याखाली आपण सगळे बसलो होतो, तुझी लेक मिर्ता पाल्यावर बर्फाचं पाणी ओतत होती, तेरेरेचा एकच पेला, एकाच नळीसकट, या हातातून त्या हातात फिरत होता. तुझ्यापर्यंत आला तेव्हा तू तो नुसता पुढे सरकवलास आणि खुर्चीखालून स्वतःचा पेला काढलास. नळीसुद्धा वेगळी. आपल्यात असं कोण करतं? शेजारचा क्रिस्पिन म्हणालाच, "बाईसाहेबांना आता आमचं उष्टं चालत नाही." सगळे हसले, तूही हसलीस. मी नाही हसले, कारण पाणी कुठेतरी मुरत होतं.

आधी वाटलं, आईचं शिलाई मशीन मी आणलं त्याचा राग असेल. मग संशय तुझ्या नवऱ्यावर गेला. त्याला स्वयंपाकघरात गाठलं तर तो बापडा म्हणाला, "मला काय विचारता ताई, हल्ली ती कपडेसुद्धा दार लावून बदलते." आणि बस पकडायला बाजारातून जाताना पालेवाली देओलिंदा मला हाका मारत आली. "बहिणीला सांगा हो, गाठीवरचा पाला आलाय, ताजा आहे." मला माहीत असणार असंच ती धरून चालली होती. फोनवर तुला विचारलं तर म्हणालीस, गुडघ्याला गाठ आलीय. गुडघ्याच्या गाठीसाठी कोणी दार लावतं का गं? ताकास तूर लागू द्यायची नाही ही तुझी लहानपणापासूनची खोड.

छातीतल्या गाठीनेच आधी आई गेली, मग मावशी. दोघी जन्मभर एकाच नळीने प्यायल्या. तेव्हा हे दुखणं नळीतून येतं असं तू ठरवलंस, आणि मिर्ताला वाचवायला वेगळी बसलीस. हे लक्षात आलं तेव्हा तुझा राग आला आणि रडूही आलं. वेडाबाई, ते उष्ट्यातून येत नाही. काही घरांत ते रक्तातच असतं, आणि मिर्ताला वाचवायचं तर आधी तुला डॉक्टरकडे जावं लागेल. तेरेरेत हवा तेवढा पाला घाल, माझी ना नाही. पण पाल्याने गाठ विरली असती तर आज आई असती. वर्षभर तिने हाच पाला प्यायला आणि दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

आता हे पत्र का, ते सांगते. तुला दरडावता यावं म्हणून मी आधी स्वतः तपासून घेतलं. बघ, मी जाऊन आले, काही होत नाही, असं म्हणायचं होतं. त्यांना माझ्या उजव्या बाजूला एक गाठ सापडली. हाताला लागतही नव्हती. सुई घालून तुकडा काढला, काल रिपोर्ट आला, कॅन्सर आहे. इथे मी इतकी वर्षं एकटीच पिते, झुनिल्दा, माझ्या पेल्याला दुसऱ्या कोणाचं तोंड लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर सापडलंय, काढून टाकू. मग त्यांनी विचारलं, बहीण आहे का. मी हो म्हटलं. सोमवारी सकाळी त्यांनी आपल्या दोघींना बोलावलंय. मला फार भीती वाटते आहे, आणि तू आली नाहीस तर मीही आत जाणार नाही.

तुझीच थोरली,
एलादिया