हाक कोणी मारायची

३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. शिवणाचं मशीन मात्र बंद ठेवलंय, कारण समुद्रात पुन्हा वादळ तयार होतंय. यंदाचं तिसरं. तीन दिवसांत खालची गल्ली रिकामी करायची आहे. आम्ही अकरा स्वयंसेवक आहोत, बेकरीवाल्याने गाडी दिली आहे, टेकडीवरच्या शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. पण लोक कंटाळलेत. आधीची दोन्ही वळून गेली ना. न्हावी तर मला बघितलं की विचारतो, ताई, पाहुणा या वेळी तरी नक्की येणार ना. हसण्यावारी नेते, करते काय.

नियम तोच, बाबांचा. कंडक्टर होते तेव्हा मागे कोणी राहिलं का हे बघितल्याशिवाय त्यांनी कधी बेल मारली नाही. आम्हीही प्रत्येक घरात हाक मारतो, खोल्या बघतो, माणसं गाडीत बसली की मगच दारावर खडूने गोल काढतो.

फक्त बाबांचं दार माझ्याच्याने होत नाही रे. जूनमध्ये आईला मीच हट्टाने शाळेत नेलं. त्या ओल्या फरशीवर तिचा दमा उसळला आणि आठव्या दिवशी ती गेली. वादळ तर फिरकलंसुद्धा नाही. तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, ‘वादळाने नाही, तुझ्या हाकेने गेली ती.’ त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. म्हणून त्यांचं घर रिकामं करायचं काम मी मेडिकलवाल्या काकांकडे दिलंय. त्यांचं ते ऐकतात.

वेळेवर जेवत जा. दोन ओळी का होईना, लिहीत राहा, तेवढ्यानेही जिवाला बरं वाटतं.

तुझी ताई


५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र आत्ताच मिळालं. सकाळी रेडिओवर तुमच्या किनाऱ्याचं ऐकलं. कारखान्यात रजा मागितली, तर मुकादम विचारतो, वादळ तिकडे जातंय, तुला कशाला बोलावलंय. त्याच्या तोंडी कोण लागणार.

रागावू नकोस, पण बाबांकडे तूच जा. अख्ख्या गल्लीच्या दारात कंबर कसून उभी राहतेस आणि आपलंच दार चुकवतेस होय गं? बोलतील ते ऐकून घे. रुसले की ते ताटाकडे पाठ करून बसायचे आणि तू हात धरलास की गुपचूप उठायचे, विसरलीस का? अजून तेच आहेत ते, फक्त केस गेलेत.

हे तुझ्या हातात वेळेवर पडेल की नाही, कुणास ठाऊक. चुकलं असेल तर कान धर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा ठोंब्या


१२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आधी हे वाच, बाबा जिवंत आहेत.

तुझं पत्र काल मिळालं. वादळ या वेळी वळलं नाही. सहा तारखेला दुपारी खालच्या गल्लीत छातीइतकं पाणी होतं. सत्तावन्न दारं, सत्तावन्न गोल. आपल्या दारावरचा गोल मी सकाळीच बघितला. खरं सांगू, हायसं वाटलं, आणि हाक न मारता पुढे गेले.

शाळेत हजेरी घेतली तर बाबा नाहीत. काकांना विचारलं. ते पांढरेफटक पडले. बाबांनी त्यांना सांगितलं होतं की थोरली स्वतः न्यायला येतेय. काकांना वाटलं, लेक बापाला थोडीच विसरेल, आणि त्यांनी दारावर गोल काढला. मी समजत होते त्यांनी नेलं, ते समजत होते मी नेलं.

आम्ही दोघं कमरेला दोर बांधून गेलो. बाबा कपाटावर बसले होते, वर चढताना पाय मोडलेला. परत येताना कुणाचं तरी लोखंडी फाटक वाहत आलं आणि काकांच्या उजव्या हातावर आदळलं. हात कोपरापासून काढावा लागला. चाळीस वर्षं त्या हाताने गल्लीला औषधं दिली. मला त्यांच्या बायकोसमोर उभं राहवत नाही.

शाळेच्या किल्ल्या मी परत दिल्या. यापुढे हे काम माझं नाही. तू येऊन जा, जमेल तेव्हा. बाकी काय लिहू.

ताई


१९ ऑक्टोबर

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद.

तू रोज खाटेपाशी येऊन बसतेस आणि मी भिंतीकडे बघत राहतो. तोंडाने जमत नाही, म्हणून नर्सबाईंकडून कागद मागून घेतला.

त्या दिवशी मी हट्टाने घरात बसलो असं सगळे म्हणतात. तसं नव्हतं. पहाटेपासून मी बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसलो होतो. शाळेच्या फरशीवर अंथरायला जाड सतरंजी घेतली होती. तू येशील आणि हाक मारशील, एवढंच मला हवं होतं. तुझी पावलं दाराशी आली, ती मी ओळखली. थांबली, मग पुढे गेली. तेव्हा हाक मीही मारू शकत होतो. नाही मारली. ताठा नडला.

काकांचा हात माझ्या त्या ताठ्याने गेला. काल चाकाच्या खुर्चीवरून त्यांच्या वॉर्डात जाऊन तसं सांगितलं. त्यांनी माफ करावं अशी माझी अपेक्षा नाही.

आई तुझ्या हाकेने गेली नाही, पोरी. तिची छाती आधीच थकली होती, आणि ते मला माहीत होतं. कुणाला तरी दोष द्यायचा होता, तू समोर होतीस. तीस वर्षं मागे बघून बेल मारली, आणि आपल्याच लेकीला मागे ठेवून बसलो.

किल्ल्या परत माग. आणि पुढच्या वेळी आपलं घर दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. दाराशी येऊन एकदाच हाक मार. मी बूट घालून बसलेला असेन.

तुझे बाबा