विषमानंतर विषम

विस्कॉन्सिन,
२ फेब्रुवारी

प्रिय नॉर्बर्ट,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात तो बरा होणार, असं तूच म्हणाला होतास. माझी तब्येत ठणठणीत आहे (हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला शंका येईल). माझ्या एर्विनची गाडीही उत्तम आहे आणि ती मीच चालवणार आहे. डेनिसने काही कळवलं असेल, तर ती माझी मुलगी आहे एवढं लक्षात ठेव. मीठमसाला लावायची सवय तिला तुझ्या-माझ्या आईकडून आली आहे.

झालं ते असं. हिवाळाभर इथे रात्री गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूला लावायच्या, हे तू विसरला नसशील. उजाडेल ती तारीख विषम असेल तर विषम घरांच्या बाजूला, सम असेल तर समोर. मोकळ्या बाजूचा बर्फ नगरपालिकेचं यंत्र काढतं. म्हणून रोज जेवणं झाली की अख्खी गल्ली गाड्या पलीकडे नेते. पण आधी कोणी हलायचं? एर्विन होता तेव्हा तो हलायचा, तो गेल्यापासून मी. मी किल्ली फिरवली की पायजम्यावर कोट चढवून सगळे बाहेर. एकतीस जानेवारीला, शुक्रवारची तळलेली मासळी खाऊन आले, सवयीने गाडी काढली आणि समोर नेऊन लावली. माझ्यामागे सगळी गल्ली. एकतीसनंतर एक येतो, म्हणजे विषमानंतर पुन्हा विषम, त्या रात्री मुळी हलायचंच नसतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सकाळी प्रत्येक काचेवर दंडाची चिठ्ठी, आणि बर्फाचं यंत्र आमच्यापुढे हॉर्न वाजवत उभं. (डिसेंबरच्या एकतीसला मला बरोबर आठवलं होतं. तेच जास्त लागलं.)

मी काही तोंड लपवून बसले नाही. जर्दाळूची बिस्किटं भाजली आणि दारोदार माफी मागायला निघाले. समोरचा कुल्विकी (चर्चमध्ये घोरतो तो) म्हणाला, "लुसील, तू हललीस म्हणून मी हललो. मी काय तारीख बघतो होय?" शेजारच्या यांगांची सून (माई हे तिचं नाव) म्हणाली, "आजी, आमच्याकडे कॅलेंडरच नाही. खिडकीतून तुमची गाडी दिसते की." मला रडू येत होतं, पण हातात ताट होतं.

नाताळात डेनिसने बजावलं होतं, "आणखी एक चूक झाली की किल्ल्या माझ्याकडे." शनिवारी ती येते आहे. किल्ल्या मी देणार नाही. आज किल्ल्या गेल्या की उद्या घर जाईल, आणि मग मी तुझ्या वाळवंटात कॅक्टसकडे बघत बसेन. ते मला जमायचं नाही.

तुझी,
लुसील

ता. क. डेनिस तुला फोन करेल. "माझीही चूक झाली असती" एवढंच म्हण. खोटं नाही ते. तू तर लग्नाच्या दिवशी चुकीच्या चर्चमध्ये गेला होतास.

ता. क. २. उद्या तीन, विषम. आज दुसऱ्या कोणाला तरी आधी हलू दे, असं मी ठरवलं होतं. जेवून तासभर पडद्याआड बसले. एकही गाडी हलली नाही. कुल्विकी गाडी सुरू करून बसला आहे आणि माझ्या दाराकडे बघतो आहे. बूट चढवते.

ता. क. ३. तिकडून एक कॅलेंडर पाठव. इथे अंत्यविधीवाले फुकट वाटतात, त्यावरचे आकडे यंदा फार बारीक आले आहेत. मोठ्या आकड्यांचं बघ. डेनिसला सांगू नकोस.